मुरूम लागेपर्यंत

पहाटे ५.३०

वैशाखात पायाचं काम उन्हाच्या आधी उरकावं लागतं. धामणगाव बढे हे घाटाखालचं गाव. दहा वाजले की पहार हातात धरवत नाही, आणि माणसाला उन्हात घालून खड्डा खोदून घेणं मला मान्य नाही. म्हणून बॅग रात्रीच भरलेली असते: पाण्याची पारदर्शक नळी, दोन टेप, ओळंबा, गुनिया, सुतळी, खुंट्या, मातीच्या नमुन्यांसाठी पिशव्या आणि वही.

आज एका घराचा पाया ठरवायचा आहे. जागा गावाच्या दक्षिण अंगाला आहे. तिथून जमीन अजिंठ्याच्या रांगेकडे चढायला लागते. प्लॉट ३० बाय ४० फुटांचा, वरची बाजू डोंगराकडे, खालची रस्त्याकडे. घरमालक कापूस आणि मका पिकवणारा शेतकरी आहे. मृग निघायच्या आत जोता व्हावा अशी त्याची घाई आहे आणि ती रास्त आहे, कारण उघडे खड्डे पहिल्या पावसात सापडले तर कडा ढासळतात, तळाचा चिखल होतो आणि केलेलं काम पुन्हा करावं लागतं. पण रंग, फरशी, दारं पुढे कधीही बदलता येतात, पाया एकदाच ठरतो. म्हणून त्याच्याकडून मी आजचा एक पूर्ण दिवस मागून घेतला आहे.

सकाळी ६.००

प्लॉटवर पोचल्यावर टेप काढण्याआधी मी वर चालत जाते. उतारावर पहिला प्रश्न घराचा नसतो, उताराचा असतो. हा उतार स्वतः जागेवर बसलेला आहे का? वरच्या अंगाला जमिनीला आडव्या भेगा आहेत का, झाडांची खोडं एका बाजूला कललेली आहेत का, पावसाळ्यात कुठे झरा फुटतो का, डोंगरावरचं पाणी कुठल्या वाटेने उतरतं, हे सगळं आधी बघते. पुणे जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, महाडजवळचं तळीये २२ जुलै २०२१ ला आणि खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिथे घरांचे पाये कमी पडले नव्हते. पावसाने भिजलेला डोंगराचा भागच खाली आला होता. तशा जागी कितीही सळई घातली तरी उपयोग नाही, तिथे घर न बांधणं हाच उपाय असतो. आपल्याकडे कोकणासारखा पाऊस नाही आणि हा उतारही तितका उभा नाही. वरच्या बाभळी सरळ उभ्या आहेत. बांधाजवळच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पानी त्या कोपऱ्यातून येते, बाकी झरा-बिरा नाही." पाणी उतरतं तो कोपरा मी वहीत बाणाने दाखवून ठेवते.

मग मोजणी. मिस्त्रीकाका नळीत पाणी भरतात, बुडबुडा राहिला नाही ना ते दोघं मिळून बघतो. एक टोक वरच्या खुंटीला, दुसरं खालच्या. ४० फुटांत जमीन ५ फूट उतरते, म्हणजे ८ फुटांमागे १ फूट. घर २४ बाय ३२ फुटांचं आहे आणि त्याची ३२ फुटांची बाजू उताराच्या दिशेने येते. प्लॉट ३० फूट रुंद असल्याने ती आडवी फिरवता येत नाही. त्यामुळे घराच्या दोन टोकांत ४ फुटांचा फरक पडतो.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मजुराला हातात टेप देऊन शिकवते. उतारावर टेप जमिनीला टेकवून ओढला तर माप खोटं येतं. इथे ३२ फूट तसे मोजले तर खरं आडवं अंतर ३१ फूट ९ इंचच भरतं. तीन इंच तिथेच गेले, आणि ते पुढे गुनियात बसत नाहीत म्हणून भिंती तिरक्या होतात. टेप आडवा ताणायचा, टोकाला ओळंबा सोडायचा आणि टप्प्याटप्प्याने खाली यायचं.

सकाळी ७.००

काल सुरू केलेले तीन खड्डे आता तळाला आले आहेत. एक घराच्या वरच्या कडेला, एक मध्यावर, एक खालच्या कडेला. पाया ठरवण्याचं इथलं सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे हा खड्डा. वरून दिसणारी माती खालचं काहीच सांगत नाही.

वरच्या खड्ड्यात दीड फूट काळी माती आणि लगेच मुरूम. मधल्यात मुरूम साडेतीन फुटांवर. खालच्या खड्ड्यात पाच फूट काळी माती, डोंगरावरून पिढ्यान्‌पिढ्या वाहून आलेली, आणि कडक मुरूम साडेपाच फुटांवर. आकडे एका कागदावर मांडले की चित्र उघडं पडतं. जमीन ३२ फुटांत ४ फूट उतरते, पण खालचा मुरूम तेवढ्याच अंतरात ८ फूट उतरतो. डोळ्यांना दिसणारा उतार एक आणि घराला तोलून धरणारा उतार त्याच्या दुप्पट. खड्डे घेतले नसते तर हे कळायचं काही साधन नव्हतं.

"मॅडम, मुरूम लागला, पन वरचा वीतभर कवळा हाय," मिस्त्रीकाका खालच्या खड्ड्यातून सांगतात. पहार मारली की आवाज बदलतो. कवळ्या मुरुमात ती बद्द करून रुतते, कडक मुरुमात उसळते. मी मुरुमाचं एक ढेकूळ बादलीभर पाण्यात टाकते. चांगला मुरूम तासाभराने उचलला तरी बोटांत टिकतो. पाण्यात विरघळून तळाशी बसणारा मुरूम पावसाळ्यात पायाखालीही तेच करील.

मधल्या खड्ड्याच्या कोपऱ्यात एक मोठा काळा दगड लागला आहे. मजूर म्हणतो, खडकच आला. मी तो बाजूने मोकळा करायला सांगते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा प्रदेश. तो खडक झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि मधला गाभा गोट्याच्या रूपात मातीत अडकून राहतो. अर्ध्या तासात गोटा चारही बाजूंनी सुटा झाला, खाली पुन्हा माती. त्याच्यावर खांबाचं फूटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा रुंद तळ, अर्धं टेकलं असतं आणि अर्धं मातीत बसलं असतं. गोटा लागणं आणि खडक लागणं यांतला फरक पहारीने चारी बाजूंनी तपासल्याशिवाय समजत नाही.

सकाळी ८.३०

बाभळीच्या सावलीत चहा. घरमालक मनातलं बोलतो. "मॅडम, जेसीबी लावून सपाटच करून टाकू ना. वरची माती काढाची, खाली टाकाची. एका दिवसात काम. बाजूवाल्यानं तसंच केलं."

हा प्रश्न उतारावरचा प्रत्येक घरमालक विचारतो आणि तो अडाणीपणाचा नाही. सपाट जमिनीवर घर बांधणं सोपं, हे बरोबरच आहे. अडचण एवढीच की जेसीबी जमीन सपाट करते, तिची ताकद एकसारखी करत नाही. वरचं अर्धं घर खोदलेल्या, मूळच्या, दाबून बसलेल्या मुरुमावर येतं. खालचं अर्धं घर कालपरवा लोटलेल्या भुसभुशीत भरावावर, आणि तो भराव कशावर, तर पाच फूट काळ्या मातीवर. वरचं टोक हलत नाही, खालचं खचत राहतं. घर दोघांच्या मधे फाटतं.

काळ्या मातीचा दोष वेगळा आहे आणि तोही समजून घ्यायला हवा. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. आज प्लॉटच्या खालच्या अंगाला भेगांमध्ये हात मनगटापर्यंत जातो. मृगानंतर त्याच भेगा बुजतील आणि जमीन वर उचलली जाईल. कपाशीला ती माती लाख मोलाची, पण भिंतीला तिच्यावर उभं करू नये. आपल्या जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी शेतीसाठी ठेवली, त्यामागे हाच अनुभव होता. आता गावं वाढली, पांढरी संपली, घरं काळीत आणि डोंगराच्या उतारावर सरकली. जागा बदलली तर पायाही बदलला पाहिजे.

"भाऊ, चला, तुम्हाला एक घर दाखवते," मी म्हणते.

सकाळी ९.३०

थोड्या अंतरावरचं घर. मालकाला मी आधीच विचारून ठेवलं होतं आणि त्याने मोकळ्या मनाने आत घेतलं. अर्धी खोद, अर्धा भराव. खालच्या अंगाच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली तिरपी भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेली, वर रुंद आणि खाली केसाएवढी. वर रुंद होत जाणारी भेग सांगते की भिंतीचं ते टोक खाली चाललं आहे.

मी मालकाला दोन प्रश्न विचारते. भेग उन्हाळ्यात उघडते आणि भादव्यात मिटते का? नाही, ती वाढतच गेली. प्लास्टर केल्यावर? पुन्हा त्याच रेषेत आली. उत्तर मिळालं. ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग काळ्या मातीची असते. कधीच न मिटणारी, फक्त वाढणारी भेग भरावाची. उपाय दोघींचे वेगळे आहेत. इथे मी भेगेवर काचेची अरुंद पट्टी सिमेंटने चिकटवते आणि तारीख लिहिते. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे, टिकली तर खचणं थांबलं आहे, आणि दुरुस्तीचा पैसा तेव्हाच खर्च करावा.

घरमालक त्या भेगेवरून बोट फिरवतो. जेसीबीबद्दल पुढे तो काही बोलत नाही.

सकाळी १०.४५

गावठाणातून निरोप आला आहे. तिथे एक जुनं धाब्याचं घर पाडून नवीन बांधायचं आहे. गावठाणाची पांढरीही चढउताराची, कारण घरावर घर पडत, माती साचत ती उंच झालेली असते. वरून ती कडक, कोरडी, भरवशाची वाटते. पण ती माणसांनी टाकलेली माती आहे. तिच्यात राख असते, खापरं असतात, जुन्या भिंतींचा गाळ असतो.

आणि पेव असतात. मजुराची पहार अचानक आत गेली म्हणून काम थांबवलं होतं. ज्वारी साठवायचं हे जमिनीखालचं कोठार वर तोंडाला अरुंद आणि आत पोट सुटलेलं असतं. वापर थांबल्यावर तोंड बुजवलं गेलं आणि दोन पिढ्यांत कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मी सगळ्यांना कडेपासून मागे घेते. कुणीही आत उतरायचं नाही, ही माझी पहिली सूचना असते. बंद पेवात हवा वाईट असते आणि कड कधीही बसते. तोंड वरून मोकळं करायचं, हवा खेळू द्यायची, सैल माती काढायची आणि तळापासून दगड-मुरूम थरांनी भरत यायचं. त्याहून बरं म्हणजे आखणीच सरकवून एकही खांब पेवावर येऊ द्यायचा नाही. इथे दोन फूट सरकवल्याने ते जमतं आहे. मालकीणबाई सांगतात की त्यांच्या आजेसासूने पेवाचा विषय काढला होता. गावठाणात खोदण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोलणं हा माझ्या तपासणीचाच भाग आहे.

दुपारी १.००

ऊन टिपेला आहे. काम बंद. मी ऑफिसच्या खिडकीवर ओला पडदा टाकून बसते. टेबलावर काचेची दोन मोजनळकांडी कालपासून उभी आहेत. दोन्हींत खालच्या खड्ड्यातली वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली १० ग्रॅम काळी माती. एकात रॉकेल, एकात पाणी. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनी वाचायचं. रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर, पाण्यातली १७ वर. म्हणजे ७० टक्के फुगवटा. ही माती पायाखाली ठेवायची नाही, आणि जोत्यात भरायलाही वापरायची नाही.

मग पर्याय एकेक करून कागदावर घेते.

पहिला, टप्प्याटप्प्याचा दगडी पाया. भिंतींखाली सलग चर, प्रत्येक टप्प्याचा तळ सपाट. मुरूम दोन-तीन फुटांवर असेल आणि घर एकमजली राहणार असेल तर हा पाया उत्तम आणि गावच्या कारागिराच्या हातातला. इथे मालकाला पुढे मुलासाठी वरचा मजला हवा आहे, आणि खालच्या अंगाला प्रत्येक भिंतीखाली साडेसहा फूट खोल चर घ्यावा लागेल. दगड आणि खोदाई फार वाढते.

दुसरा, राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली काँक्रीटचा एकच जाड थर. मिस्त्रीकाकांनी तो सुचवला होता. पण इथे त्याची एक कड मुरुमावर आणि दुसरी फुगणाऱ्या मातीवर येईल. एवढं काँक्रीट घालूनही मूळ प्रश्न तसाच राहतो.

तिसरा, बल्बचे पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या काळ्या मातीसाठीच ते पुढे आणले. जमिनीत गोल भोक घेऊन खाली खांबाच्या साधारण अडीच पट रुंदीचा फुगवटा कोरायचा आणि काँक्रीट भरायचं. माती फुगली तरी बल्ब खांबाला वर उचलू देत नाही. आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात त्याचे नियम आहेत आणि खोल काळ्या मातीत लांबी किमान साडेतीन मीटर लागते. मुरूम बारा-पंधरा फुटांवरही लागत नाही तिथे मी हाच पाया सुचवते. इथे मुरूम हाताशी आहे.

चौथा, प्रत्येक खांबाचं स्वतंत्र फूटिंग, वेगवेगळ्या खोलीवर, पण सगळी मुरुमात. मला पटतो तो हाच. ३२ फुटांत खांबांच्या चार ओळी, प्रत्येक ओळीत तीन, एकूण १२ खांब. दोन ओळींतलं अंतर १० फूट ८ इंच. प्रत्येक फूटिंग ४ बाय ४ फूट आणि मुरुमात १ फूट आत. वरच्या ओळीची खोली अडीच फूट, खालच्या ओळीची साडेसहा. शेजारच्या दोन फूटिंगांच्या तळांत २ फूट ८ इंचांचा फरक येतो आणि त्यांच्या कडांमधलं मोकळं अंतर ६ फूट ८ इंच आहे, म्हणजे अडीच आडवं आणि एक उभं. आयएस १९०४ हे मानक दोन आडवं, एक उभं यापेक्षा तीव्र उतार चालू देत नाही, कारण तसं झालं तर वरच्या फूटिंगचा भार खालच्याच्या अंगावर जातो. आपण त्या मर्यादेच्या आत आहोत. तेच मानक सांगतं की उताराच्या कडेला फूटिंगच्या खालच्या काठापासून उघड्या जमिनीपर्यंत आडवं अंतर खडकात किमान ६० सेंटिमीटर आणि मातीत ९० हवं. खालची ओळ खोल असल्याने तेही बसतं.

दुपारी ३.००

दारात एक बाई उभ्या आहेत, हातात घरकुल मंजुरीचा कागद. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून आहे. सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. त्यांची जागाही उतारावर. "मॅडम, सगळे पैसे पायातच गेले तं भिंती कायच्या बांधू?"

"वहिनी, बसा आधी," मी म्हणते आणि पाणी देते. अशा वेळी मला सगळ्यात जास्त काळजी असते. मोठ्या घराचा मालक चूक निस्तरू शकतो, यांच्याकडे दुसरा हप्ता येईपर्यंतही सवड नसते.

त्यांच्यासाठी बिनखर्चाचा एक उपाय आहे. घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवायची. २५ चौरस मीटर म्हणजे साधारण साडेतेरा बाय वीस फूट. ८ ला १ च्या उतारावर वीस फुटांची बाजू उताराच्या दिशेने ठेवली तर दोन टोकांत अडीच फुटांचा फरक. तीच आडवी फिरवली तर फरक पावणेदोन फुटांच्या आत. भराव कमी, जोत्याची भिंत कमी, दगड कमी, आणि हे सगळं फक्त नकाशा फिरवून. त्यांच्या जागेवर शेजारच्या विहिरीच्या खोदकामात मुरूम दोन फुटांवर दिसला होता, असं त्या सांगतात. मग त्यांना दोन टप्प्यांचा दगडी पाया पुरतो. तरीही मी त्यांना दोन कोपऱ्यांत खड्डे घ्यायला सांगते. विहीर शेजारची आहे, पाया यांचा आहे.

दुपारी ४.००

आता जोत्याची उंची. सगळं घर एकाच पातळीवर ठेवलं आणि वरच्या कडेला जोता दीड फूट धरला तर खालच्या कडेला तो साडेपाच फूट होतो. आत भरायला जवळजवळ २७ ब्रास मुरूम लागतो. एवढा भराव भिंतीला बाहेर ढकलत असतो, म्हणजे जोत्याची ती भिंत खरं तर रिटेनिंग वॉल होते आणि तशीच जाड बांधावी लागते.

घर मधोमध दोन पातळ्यांत तोडलं, खालचं अर्धं अडीच फूट खाली घेतलं, तर खालच्या कडेचा जोता ३ फुटांवर येतो आणि भराव सुमारे १७ ब्रास. दहा ब्रास वाचले, आणि भिंतीवरचा दाबही उतरला. उताराचा घराच्या आत पायऱ्यांसारखा वापर करून घ्यायचा.

खांबांची एक काळजी मात्र घ्यावी लागते. खालच्या ओळीचे खांब लांब आणि वरच्या ओळीचे आखूड. भूकंपात आखूड खांब ताठ असल्याने जास्त धक्का ओढून घेतात आणि आधी तडकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनी माणसं गाडली. घराला आडवं बांधून ठेवायचं, हा त्या पहाटेचा धडा. म्हणून प्लिंथ बीमबरोबर खालच्या दोन ओळींना जमिनीलगत एक जास्तीचा टाय बीम देते आणि आखूड खांबांत रिंगा जवळजवळ घालते.

संध्याकाळी ५.३०

पुन्हा प्लॉटवर. आता घरातली सगळी आली आहेत. मी काठीने मातीवर खोल्या आखते. मालकाची आई खुर्चीवर बसून बघत असते. पाच पायऱ्यांचा विषय निघताच त्या म्हणतात, "माय, मले पायऱ्या नोको सांगू. गुडघे ऐकत नाही."

मुद्दा बरोबर आहे आणि तो नकाशात सुटला पाहिजे. आजीची खोली, संडास आणि बैठक खालच्या पातळीवर. दार रस्त्याकडून न घेता बाजूने, घराच्या मध्यावर. तिथे जमीन आणि खालची पातळी यांत फक्त एक फुटाचा फरक आहे, दोन बुटक्या पायऱ्या किंवा लांब उतरण, सोबत धरायला कठडा. स्वयंपाकघर वर नेलं तर आजीला जेवायला वर जावं लागेल, म्हणून सून म्हणते की स्वयंपाकघरही खालीच असू द्या, आम्ही दोघं आणि पोरं वर झोपू. नकाशा मी तिथेच बदलते. उतारावरचा पाया ठरवताना घरात कोण कुठे वावरणार हेही ठरवावं लागतं, कारण पातळी एकदा काँक्रीटमध्ये गेली की म्हाताऱ्या माणसाला रोज चढउतार करावी लागते.

मग पाणी. उतारावर पाया बिघडवण्यात भारापेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. सकाळी वहीत बाण काढला होता त्या कोपऱ्यापासून घराच्या वर, पाच फूट अंतर सोडून, आडवा चर घ्यायचा. त्याला बाजूच्या नाल्याकडे उतार द्यायचा. शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाणी वळवायचं नाही, त्याचाही पाया आहे. जोत्याच्या भिंतीत पाणी निसटायला पाइपाची भोकं, मागे गिट्टीचा थर. ७६८ चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला तर १८०० लिटरच्या आसपास पाणी येतं. ते चारही कोपऱ्यांत पायाशी सोडायचं नाही, नळाने खाली टाकीत न्यायचं. शोषखड्डा घराच्या खालच्या अंगाला, जमेल तितका लांब. आणि घराभोवती तीन-चार फुटांचा फरसबंद पट्टा, म्हणजे भिंतीलगतची काळी माती एकदम भिजणार नाही आणि एकदम वाळणारही नाही.

मालक सरळ विचारतो, "मॅडम, हे समदं जेसीबीपेक्षा महाग पडते ना?" हो, पडतं. मी आकडे लपवत नाही. खोदाई, सळई आणि काँक्रीट वाढतं, भराव आणि जोत्याची भिंत कमी होते, तरी एकूण खर्च जास्तच. "पैसे कमी पडत असतील तर वरच्या मजल्याचा जिना आत्ता करू नका, फरशी साधी घाला, एक खोली पुढच्या वर्षी करा. पायातून काही काढू नका." तो आईकडे बघतो. आई म्हणतात, "वावरात विहीर खोदतो तवा पानी लागेलोक थांबतो का नाही? तसंच हे." ठरलं.

संध्याकाळी ७.००

उजेड आहे तोवर मिस्त्रीकाकांना सूचना लिहून देते आणि मोठ्याने वाचूनही दाखवते.

खोदाई खालच्या ओळीपासून सुरू करायची. सगळ्यात खोल खड्डे आधी, म्हणजे खालचं खोदताना वरच्या ताज्या फूटिंगखालची माती मोकळी होणार नाही. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या ठेवायच्या नाहीत, तिरप्या घ्यायच्या किंवा फळ्यांचा आधार द्यायचा. भेगाळलेली काळी माती न सांगता ढासळते. काढलेली माती कडेपासून दीड मीटर लांब. खड्ड्यात माणूस असेल तर वर एक माणूस उभा. तळ जास्त खोदला गेला तर मातीने भरायचा नाही, पीसीसीने, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटने भरायचा. सळईखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, दगडाचे तुकडे नाहीत. भरावाला मुरूमच, अर्ध्या फुटाच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी आणि दुरमुस.

शेवटची ओळ मालकासाठी आणि मिस्त्रीकाकांसाठी सारखीच आहे, आणि तिच्याखाली दोघांच्या सह्या घेते. बाराही खड्ड्यांत कडक मुरूम लागला पाहिजे. एका खड्ड्यात तो फूटभर खाली गेला तर तो खड्डा फूटभर खाली जाईल, उरलेल्या अकरांचा हिशेब काहीही असो. आणि प्रत्येक तळ मी उतरून, पहार मारून पाहिल्याशिवाय त्यात काँक्रीटची एक पाटीसुद्धा पडणार नाही.